नवख्या व्हर्च्युअल असिस्टंटने उद्दिष्ट कशात मोजावे?

पदवी पदरात पडून वर्ष-दोन वर्षे लोटली तरी मनाजोगी चाकरी न लाभलेल्या तरुणांच्या, आणि अपत्यजन्मानंतर नोकरी सोडून घरी राहिलेल्या व आता मूल शाळेत जाऊ लागल्यामुळे पुन्हा काही उद्योग आरंभावा अशा विचारात असलेल्या सुशिक्षित स्त्रियांच्या मोबाइलवर अलीकडे ज्या जाहिराती पुनःपुन्हा झळकतात, त्यांत ‘व्हर्च्युअल असिस्टंट व्हा, घरबसल्या दरमहा लाख रुपये मिळवा’ अशा आशयाच्या जाहिरातींचा भरणा मोठा आहे. या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे. परगावच्या किंवा परदेशातील एखाद्या व्यावसायिकाचा ईमेल, त्याचे वेळापत्रक, त्याची बिले, त्याची प्रवासाची आरक्षणे आणि त्याच्या दुकानाची समाजमाध्यमांवरील पाने आपल्या घरातील टेबलावरून सांभाळणे हा आज हजारो लोकांचा प्रामाणिक चरितार्थ झालेला आहे. उत्तरार्धही काही थोड्यांच्या बाबतीत कालांतराने खरा ठरतो. आक्षेप आहे तो या दोहोंमधील काळ जाहिरातीने सफाईने गाळून टाकला आहे यास. कारण नवख्या माणसाची खरी परीक्षा त्या गाळलेल्या काळातच होते, आणि तो निराश होऊन हे काम सोडतो तेही बहुधा त्याच काळात.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की या व्यवसायात शिरणाऱ्याने पहिल्या सहा महिन्यांपुरते तरी रुपयांचे उद्दिष्ट ठेवूच नये. ठेवायचे तर ते शिकून हाती आलेल्या कामांचे, चोख नोंदलेल्या तासांचे आणि दुसऱ्या महिन्यातही टिकलेल्या एका गिऱ्हाइकाचे ठेवावे. हे म्हणणे काहींना भित्रेपणाचे वाटेल, म्हणून त्याची कारणे जरा विस्ताराने मांडतो.

मुळात हे काम मराठी मुलखाला अपरिचित नाही. फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस ही आज आडनावे होऊन बसलेली पदे एकेकाळी दुसऱ्याच्या वतीने लिहिण्याची, दुसऱ्याचा हिशेब राखण्याची आणि दुसऱ्याचे दफ्तर आपलेच समजून जपण्याची होती. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात, की महाराजांनी सांगितलेले एक पत्र कामाच्या गर्दीत लिहून व्हायचे राहिले असता, ते वाचून दाखवण्याची आज्ञा होताच त्यांनी कोरा कागद हाती धरून सबंध पत्र अस्खलित वाचून दाखवले. आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य काय ठरेल ते इतिहास संशोधकांनी ठरवावे. परंतु तीत या व्यवसायाचे मर्म मात्र बिनचूक आले आहे. धन्याला काय म्हणायचे आहे, कोणत्या सुरात म्हणायचे आहे आणि काय मुळीच म्हणायचे नाही हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, तोच कोऱ्या कागदावरून वाचू शकतो, आणि अशी जाण पहिल्या आठवड्यात येत नाही. न्यू जर्सीतील एखादा घरदुरुस्तीचा ठेकेदार कोणत्या ग्राहकाला त्याच दिवशी उत्तर देतो व कोणाला मुद्दाम दोन दिवस ताटकळत ठेवतो, त्याच्या ‘तातडीचे’ या शेऱ्याचा अर्थ एक तास की एक दिवस, हे कळायलाच तीन-चार आठवडे जातात. आणि ते कळेपर्यंत आपण कितीही उत्तम इंग्रजी लिहीत असलो तरी त्याच्या दृष्टीने आपण शिकाऊ उमेदवारच असतो.

उद्दिष्टे कशी ठरवावीत या प्रश्नावर पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी अर्धशतकाहून अधिक काळ प्रयोग केले आहेत. एडविन लॉक या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ साली असे प्रतिपादन केले, की माणसाला ‘होईल तेवढे कर’ असे मोघम सांगण्यापेक्षा निश्चित आणि काहीसे कठीण उद्दिष्ट दिले तर तो अधिक काम करतो. पुढे गॅरी लेथम यांच्या सहकार्याने त्यांनी हा सिद्धांत इतक्या प्रयोगांनी दृढ केला, की व्यवस्थापनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो आज सापडतो. ‘मोठे स्वप्न पाहा, आकडा भिंतीवर लिहा’ असा उपदेश करणारे वर्गचालक कळत-नकळत याच सिद्धांताच्या आधाराने बोलत असतात. परंतु ते ज्याचा उल्लेख करीत नाहीत असा एक महत्त्वाचा प्रयोग रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केला. अमेरिकन वायुदलातील प्रशिक्षणार्थींना त्यांनी विमानतळावरील वाहतूक नियंत्रणाचे एक कृत्रिम काम संगणकावर करायला दिले. वाऱ्याची दिशा, धावपट्टीची लांबी, विमानातील इंधन अशा अनेक गोष्टींचे व्यवधान राखून विमाने सुखरूप उतरवायची, असे ते काम होते. ज्यांना हे काम शिकत असतानाच, अगदी आरंभी, अमुक इतक्या कामगिरीचे कठीण उद्दिष्ट नेमून दिले, त्यांना त्याचा लाभ होण्याऐवजी अडथळाच झाला. तेच उद्दिष्ट कामाचे नियम अंगी मुरल्यानंतर दिले असता मात्र उपकारक ठरले. कारण उघड आहे. शिकण्याच्या काळात बुद्धीची सारी शक्ती कामाचे स्वरूप उमजण्यात गुंतलेली असते, आणि त्याच वेळी आकड्याची चिंता लावून दिली की त्या शक्तीचा मोठा वाटा ‘आपण किती मागे पडलो’ याचा हिशेब करण्यात खर्ची पडतो. लेथम यांनीही पुढील काळात अन्य सहकाऱ्यांसह असेच दाखवले, की नव्या आणि गुंतागुंतीच्या कामात फलाचे उद्दिष्ट देण्यापेक्षा शिकण्याचे उद्दिष्ट देणे, म्हणजे ‘इतके मिळव’ ऐवजी ‘हे काम करण्याच्या इतक्या रीती शोधून काढ’ असे सांगणे, अधिक फलदायी होते.

नवखा व्हर्च्युअल असिस्टंट नेमका त्या प्रशिक्षणार्थींच्या जागी बसलेला असतो. त्याच्यासमोर एकाच वेळी अपरिचित माणूस, अपरिचित धंदा, गूगल शीट, ट्रेलो, झूम अशी अर्धपरिचित साधने आणि साडेनऊ तासांच्या अंतरावरील घड्याळ असते. त्यात ‘या महिन्यात पन्नास हजार’ हा आकडा भिंतीवर चिकटवला, की पडेल त्या दराने, वाटेल त्या कामाला होकार जाऊ लागतो, आणि एकही काम नीट शिकून होत नाही.

आता आकड्यांचाच विचार करायचा तर तोही स्वप्नात न करता कागदावर करावा. समजा, सांगलीतील एखादी वाणिज्य पदवीधर स्त्री घरची कामे आवरून रोज चार तास या व्यवसायाला देऊ शकते. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर शंभर तास हाती आले. आरंभीच्या काळात यांतील निम्मे तास तरी बिनमोबदल्याचे जातात, कारण अर्ज लिहिणे, मुलाखत देणे, नमुन्याचे काम तयार करणे, नवे साधन शिकणे आणि थकलेल्या बिलाचा तगादा लावणे यांचे पैसे कोणीही देत नाही. उरलेल्या पन्नास तासांना ताशी तीनशे रुपये हा नवख्याच्या मानाने बरा म्हणावा असा दर मिळाला, तर १५,००० रुपये झाले. यातून ज्या मंचाद्वारे काम मिळाले त्याची दलाली वजा होते. फायव्हर सरसकट २० टक्के घेते, तर अपवर्कचा दर २०२३ साली सरसकट १० टक्के झाला होता आणि २०२५ पासून नव्या करारांवर तो शून्य ते १५ टक्क्यांच्या दरम्यान ठरतो. दहा टक्के धरले तरी १,५०० गेले. पुढे डॉलरचे रुपये होताना हुंडणावळ आहेच, आणि अपवर्कवर नुसता अर्ज धाडायलाही ‘कनेक्ट’ विकत घ्यावे लागतात, ज्यांतील प्रत्येकाची किंमत १५ सेंट असून एका अर्जाला असे अनेक खर्ची पडतात. महिनाअखेर हाती बारा-तेरा हजार उरले तर तो महिना चांगला गेला असे समजावे. आणि हा हिशेबही पन्नास तासांचे काम पहिल्यापासून मिळेल या उदार गृहीतावर उभा आहे. याच दराने लाख रुपये मिळवायचे तर दलाली वजा जाता सुमारे ३७० तासांचे मोबदल्याचे काम लागेल, म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज बारा तासांहून अधिक. जाहिरातीतील लाख रुपये अशक्य आहेत असे यातून सिद्ध होत नाही. ते मिळवायचे तर तास वाढवून भागत नाही, दर वाढवावा लागतो, आणि दर वाढतो तो एखाद्या विशिष्ट कामातील प्रावीण्याने, एवढे मात्र निर्विवाद सिद्ध होते.

तासांची गोष्ट निघाली आहे म्हणून घड्याळाविषयीही सांगितले पाहिजे, कारण उद्दिष्टे ठरवताना त्याचा विसर हमखास पडतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात; सॅन फ्रान्सिस्कोच्या गिऱ्हाइकाची सकाळ आपल्या रात्री साडेनऊला किंवा साडेदहाला उजाडते. लंडनचे नऊ मात्र आपल्या दुपारच्या दीड-अडीचला पडतात, आणि ज्या घरात सायंकाळी मुलांचा अभ्यास व रात्रीचा स्वयंपाक एकाच माणसाच्या शिरावर आहे, त्या घराने पहिले गिऱ्हाईक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शोधण्यापूर्वी इंग्लंडात शोधावे, हे शहाणपण कोणत्याही वर्गात शिकवले जात असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. शिवाय अमेरिकेची घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात आणि युरोपची त्याच महिन्याच्या अखेरच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोन खंडांतील माणसांची बैठक लावून देणाऱ्या नवख्या सहायकाची जी तारांबळ उडते, ती एकदा अनुभवली की कॅलेंडर सांभाळणे हे सोपे काम आहे असे पुन्हा कोणी म्हणत नाही.

स्वतःच्या वेळेचा अंदाज बांधण्यात माणूस किती कच्चा असतो याचेही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. रॉजर ब्युहलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या तिघांनी १९९४ साली प्रकाशित केलेल्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. सारेच प्रतिकूल घडले तर किती लागतील, याचेही त्यांचे उत्तर सुमारे ४९ दिवसांपलीकडे गेले नाही. प्रत्यक्षात सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले. म्हणजे आपली निराशावादी कल्पनाही वास्तवापेक्षा आशावादीच असते. यावर उपाय जुन्या पेढ्यांत प्रचलित होता तोच: रोजकीर्द. पहिल्या दिवसापासून एका वहीत किंवा शीटमध्ये प्रत्येक कामापुढे दोन रकाने ठेवावेत, आरंभी वाटलेला वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ. दोनशे नावांची यादी दुरुस्त करायला एक तास लागेल असे वाटले आणि अडीच लागले, तर तसे निमूटपणे मांडावे. अपवर्कवर ताशी दराने काम केल्यास मंचाचे यंत्र दर दहा मिनिटांच्या अवधीत केव्हा तरी आपल्या पडद्याचे छायाचित्र गिऱ्हाइकासाठी टिपून ठेवतेच; ज्याची नोंद परका माणूस ठेवतो आहे त्याची आपण स्वतः ठेवू नये, हे विचित्र आहे. महिनाभराने त्या दोन रकान्यांतील प्रमाण पाहिले, की पुढील महिन्यात किती काम अंगावर घ्यावे आणि कोणत्या कामाला ताशी दर न लावता ठोक रक्कम सांगावी, याचा निवाडा त्या वहीतूनच होतो. त्यासाठी मार्गदर्शकाची गरज उरत नाही.

मग पहिल्या सहा महिन्यांत उद्दिष्ट म्हणून ठेवायचे ते काय? एखादेच काम निवडावे, मग ते ईमेलची निगराणी असो, बिले व वसुली असो की दुकानाच्या पानावरील मजकूर असो, आणि त्यात आपला हात इतका बसवावा की चूक झाली तर ती गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला दिसावी. आठवड्याला ठरावीक अर्ज, पण प्रत्येक अर्ज समोरच्या माणसाची गरज वाचून लिहिलेला, हेही उद्दिष्ट योग्य, कारण अर्ज लिहिणे आपल्या हाती असते, त्याचा स्वीकार नसतो. मात्र माझ्या मते सर्वांत मोलाचे उद्दिष्ट म्हणजे पहिले गिऱ्हाईक दुसऱ्या महिन्यात टिकवणे. नवा माणूस मिळवण्याची सारी खटपट एकदाच करावी लागते आणि पुढे त्याच तासांचे मोबदल्यात रूपांतर होते. अपवर्कने पूर्वी एकाच गिऱ्हाइकाकडील पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, त्यापुढे १०,००० डॉलरपर्यंत १० टक्के आणि त्याहीपुढे ५ टक्के अशी जी उतरती दलाली ठेवली होती, तीमागे हेच व्यवहारज्ञान असावे. गिऱ्हाईक जोडण्यासाठी फुकट काम करावे असा एक मतप्रवाह आहे; तो मला मान्य नाही. दोन-तीन तासांचे नमुन्याचे काम अवश्य करून द्यावे, पण अल्प का होईना मोबदला घेऊन, कारण फुकट मिळालेल्या कामाचे बिल पुढे कधी सुरू करावे हे देणाऱ्याला सुचत नाही आणि घेणाऱ्याला सुचवावेसे वाटत नाही.

यावर एक रास्त आक्षेप निघतो. ज्याच्या घराचे भाडे पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला द्यायचे आहे, त्याने शिकण्याचे उद्दिष्ट उराशी धरून सहा महिने काय खावे? त्याने हातची नोकरी सोडू नये, हे पहिले उत्तर. आणि नोकरीच नसेल तर डॉलरची वाट न पाहता जवळचे काम पाहावे, हे दुसरे. जुलैअखेर प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि दर महिन्याच्या वीस तारखेच्या सुमारास वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरताना प्रत्येक तालुक्याच्या गावी सनदी लेखापालांची कार्यालये मनुष्यबळाअभावी हैराण झालेली असतात. दिवाळी अंकांच्या संपादकांना ऑगस्ट-सप्टेंबरात मुद्रितांची ने-आण करणारा, लेखकांना आठवणपत्रे धाडणारा माणूस हवा असतो. जुन्या प्रकाशकांकडे श्रीलिपीत टंकलेली पुस्तके युनिकोडमध्ये आणून तपासण्याचे काम पडून असते. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेत मराठी ३० आणि इंग्रजी ४० ची प्रमाणपत्रे मिळवून नोकरभरतीची वाट पाहणाऱ्या मुलामुलींची आपल्याकडे वाण नाही. त्यांना हे काम आज करता येते, आणि घरून करता येते. दर कमी असतो हे खरे, परंतु भाषा आपली, घड्याळ आपले आणि पैसे बुडवणाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहण्याची सोय, हे लाभ लहान नव्हेत. करांची बाब संक्षेपाने सांगतो: सेवांसाठी जीएसटीच्या नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाखांची असल्याने तिचा धसका नवख्याने घेऊ नये, पण महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यास वर्षाकाठी २,५०० रुपयांचा व्यवसाय कर लागू होतो, हे ध्यानात ठेवावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा व्यवसायच बुडणार नाही काय, असेही विचारले जाते. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात अवतरल्यापासून ध्वनिफितीचे शब्दांकन, साध्या पत्राचा मसुदा, मजकुराचा गोषवारा ही नवशिक्यांची हक्काची कामे आटू लागली आहेत हे खरे आहे. म्हणूनच केवळ टंकनाच्या वेगावर उद्दिष्टे बांधू नयेत. यंत्राने केलेल्या मसुद्यातील खोट ओळखणे आणि तो धाडावा की धाडू नये हे ठरवणे, यासाठी माणूस अजून लागतो.

राहता राहिले वर्गचालक. नोंदणीसाठी अनामत मागून ‘डेटा एन्ट्री’चे काम देणारे आणि नंतर चुका दाखवून करारभंगाच्या कायदेशीर नोटिशीची धमकी देणारे जे भामटे आहेत त्यांची गोष्ट वेगळी, अशांना पैसे न देता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. पण जे खरोखर काही शिकवतात, त्यांच्या जाहिरातींनाही काही शिस्त हवी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून, नोकरीची किंवा पगारवाढीची खोटी हमी देण्यास आणि यशस्वी विद्यार्थ्यांची नावे वा छायाचित्रे त्यांच्या लेखी संमतीवाचून वापरण्यास त्यांत मनाई आहे. घरबसल्या लाख रुपयांची भाषा करणाऱ्या प्रत्येक वर्गाला हीच कसोटी लावली पाहिजे. शुल्क भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने एवढेच विचारावे, की मागील तुकडीत किती जण होते आणि त्यांपैकी कितींना सहा महिन्यांनंतर किमान एक गिऱ्हाईक नियमित पैसे देत होते. सर्वाधिक कमावणाऱ्याचा आकडा सांगितला तर तो ऐकून घ्यावा आणि मधल्या माणसाचा मागावा. हा आकडा ज्याला देता येत नाही, त्याचे शुल्क वाचवून त्यातून इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीची इंटरनेट जोडणी घ्यावी. रात्री साडेदहाला, कॅलिफोर्नियातील बैठक सुरू होण्याच्या वेळी, वीज गेली तर प्रमाणपत्राचा काही उपयोग होत नाही.